ग्रामीण ग्रंथालय आणि आंतरजालावरील सामूहिक नोंद : मावळच्या निमित्ताने

सार्वजनिक ग्रंथालयांनी आंतरजालाचा उपयोग करावा की करू नये, हा वाद आता मागे पडला आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी वाचनालयांचे व्हॉट्सॲपवर समूह आहेत, काहींची फेसबुकवर पाने आहेत, आणि १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केल्याची छायाचित्रे तेथे नियमाने प्रसिद्ध होतात. प्रश्न उरतो तो या उपयोगाच्या स्वरूपाचा. ग्रंथालयाने वाचकांना काही कळवावे, एवढाच त्याचा अर्थ असेल, तर सूचनाफलक भिंतीवरून हातातल्या पडद्यावर आला, यापलीकडे फारसे काही घडलेले नाही. या साधनांचे खरे सामर्थ्य अनेकांनी मिळून एकच नोंद घडवण्यात, तपासण्यात आणि वाढवण्यात आहे. मराठी ग्रंथालयांनी, विशेषतः लहान गावांतील ग्रंथालयांनी, या सामर्थ्याकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे, आणि त्याची किंमत प्रामुख्याने मराठी साहित्याच्या अभ्यासाला मोजावी लागत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सामूहिक उद्योग ही कल्पना मराठी वाचनालयाला परकी नाही. पुणे नगर वाचन मंदिराचा उगम १८४८ सालचा, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. वर्गणी जमवून, दात्यांकडे खेटे घालून, कार्यकारिणीच्या सभांतून भांडत-सावरत नागरिकांनीच या आणि अशा संस्था उभ्या केल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानेही हे रूप मोडले नाही. तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालय-कर न बसवता आपल्याकडे नागरी संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडताना ग्रंथसंख्या, नियतकालिकांची संख्या, सभासदसंख्या अशा गोष्टी मोजल्या जातात. म्हणजे ग्रंथालयाने काय जमवले, याची गणना होते. ग्रंथालयाने काय निर्माण केले, याला रकानाच नाही. जे मोजले जात नाही ते करण्याची सवय संस्थांना लागत नाही, आणि त्यासाठी एकट्या ग्रंथपालाला दोष देणे अन्यायाचे होईल.

याचे सर्वांत ठळक उदाहरण दिवाळी अंकांचे आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा रूढ केली. तेव्हापासून मराठी कथा, कविता, ललितगद्य आणि वैचारिक लेखन यांचा फार मोठा भाग प्रथम दिवाळी अंकांतूनच वाचकांसमोर आला आहे. कथासंग्रहात समाविष्ट होताना लेखक कथेवरून पुन्हा हात फिरवतो, कधी शेवट बदलतो, कधी शीर्षक बदलतो. पहिला पाठ अंकातच राहतो. बरेचसे लेखन तर संग्रहापर्यंत पोहोचतच नाही. आता या अंकांचे वाचनालयात काय होते, हे आपण सर्वजण जाणतो. दिवाळीच्या सुमारास स्वतंत्र वर्गणी घेतली जाते, अंकांना खाकी वेष्टन चढते, माघ-फाल्गुनापर्यंत ते हातोहात फिरतात, आणि पुढे जागेअभावी गठ्ठे बांधून रद्दीत जातात. मोठ्या संग्रहालयांत नामवंत अंक जतन होतात. परंतु जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावाहून निघणारा, दहा-पंधरा वर्षे चालून बंद पडलेला अंक कोठे आहे, आणि आहे की नाही, हे सांगणारी एकही संयुक्त सूची अभ्यासकाच्या हाताशी नाही. एखाद्या ग्रामीण कवीच्या प्रारंभीच्या कवितांचा शोध घेणाऱ्या संशोधकाला पाच तालुके हिंडावे लागतात, आणि सहाव्या ठिकाणी अंक गेल्या वर्षीच विकल्याचे कळते.

शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील ग्रंथांची नोंद केली. एका व्यक्तीच्या निष्ठेतून उभे राहिलेले ते काम आजही आपल्या संशोधनाचा पाया आहे. मात्र असा दुसरा दाते जन्माला येण्याची वाट पाहत बसणे ही काही सूचिशास्त्राची योजना होऊ शकत नाही. एका माणसाने आयुष्य वेचून जे केले, ते शंभर वाचनालयांनी आठवड्याचा एकेक तास देऊन पुढे नेणे आजच्या साधनांनी शक्य आहे. सामायिक तक्त्यात अंकाचे नाव, वर्ष, संपादक, प्रकाशनस्थळ, अंक कोणत्या ग्रंथालयात आहे आणि त्याची स्थिती कशी आहे, एवढ्या नोंदी भरावयाच्या. अनुक्रमणिकेच्या पानाचे छायाचित्र जोडावयाचे. दुसऱ्या गावच्या ग्रंथपालाने किंवा वाचकाने त्यातील चूक दुरुस्त करावयाची. अंकांचे निर्लेखन करण्यापूर्वी या तक्त्यात पाहण्याचा दंडक पाळला, तर आपल्याकडचीच प्रत शेवटची आहे काय, हे विकण्याआधी कळेल. येथे संपूर्ण अंक आंतरजालावर चढविण्याची गोष्ट चाललेली नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, आणि अंकातील प्रत्येक लेखकाची परवानगी मिळवणे वाचनालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र कोणता मजकूर कोठे आहे, ही माहिती कोणाच्याही मालकीची नसते.

हा विचार प्रत्यक्ष गावाशी ताडून पाहण्यासाठी मावळातील आंबी हे गाव घेऊ. तळेगाव दाभाडेनजीकच्या या गावाचे जुने जीवन भातशेतीशी बांधलेले. आता परिसरात औद्योगिक वसाहत आहे आणि अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संकुलेही आहेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली कुटुंबे, बाहेरून आलेले कामगार आणि वसतिगृहांतील विद्यार्थी असे तीन प्रकारचे संभाव्य वाचक एकाच परिसरात आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. अशा गावाविषयी आंतरजालावर काय सापडते? मराठी विकिपीडियावर पुणे जिल्ह्यातील अनेक गावांच्या नोंदी २०११ च्या जनगणनेतील आकडे एका ठराविक साच्यात ओतून तयार झाल्या आहेत. क्षेत्रफळ हेक्टरांत, कुटुंबांची संख्या, साक्षरतेचे प्रमाण, पिण्याच्या पाण्याची सोय, गटारे. आकडे खोटे नाहीत. परंतु गाव वाचून झाले तरी गावात कोणी माणूस भेटत नाही.

गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ राहिले. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्यांतून त्यांनी मावळचा डोंगर, पाऊस आणि बोली यांना मराठी कादंबरीत स्थान दिले. आज पदव्युत्तर वर्गात या कादंबऱ्या शिकविताना ‘राब’, ‘आवण’, ‘खाचर’ अशा भातशेतीच्या शब्दांपाशी आले की शहरातील विद्यार्थी अडखळतो. शब्दकोश अर्थ देतो, पण राब कधी भाजतात, त्यासाठी पालापाचोळा कोठून येतो, आवण उपटताना कोण काय करतो, हे कोशात मिळत नाही. ते मावळातील वयस्क शेतकरी स्त्री-पुरुषांना ठाऊक आहे, आणि त्यांची खाचरे भूखंड होत असताना ते ज्ञानही त्यांच्याबरोबर संपत चालले आहे. दांडेकरांचे १९९८ साली निधन झाले. त्यांचे मूळ ग्रंथ आणखी काही दशके स्वामित्वहक्काखाली राहतील. पण त्या ग्रंथांतील शब्दांचा, स्थळांचा आणि रीतिभातींचा सार्वजनिक कोश मावळातील ग्रंथालयांनी आजच आरंभिला, तर त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. वसतिगृहातील विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण करावे, गावातील आजीने सांगावे, ग्रंथपालाने तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची संमती नोंदवावी, महाविद्यालयातील मराठीच्या अध्यापकाने संपादन करावे. मावळात या रीतीला जुनेच नाव आहे: इर्जिक. एकाच्या शेतात साऱ्यांनी औतकाठ्या घेऊन जावयाचे आणि त्याने जेवण घालावयाचे. ग्रंथालयांच्या चर्चासत्रांत ‘सहयोगी ज्ञाननिर्मिती’ असा जड शब्दप्रयोग ऐकताना हा शब्द कोणाला आठवत नाही, याचे नवल वाटते.

अशा नोंदींच्या विश्वासार्हतेविषयी शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. ज्या लेखनात कोणीही भर घालू शकतो त्यावर विसंबावे कसे? याचे उत्तर प्रक्रियेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांचे संगणकीकृत पाठ २००८ पासून वाचकांना दुरुस्तीसाठी खुले केले. यंत्राने चुकीची वाचलेली ओळ वाचक सुधारतो आणि मूळ पानाचे चित्र शेजारीच राहते. मराठी विकिस्रोतावरही मूळ पान आणि टंकलिखित पाठ शेजारी-शेजारी असतात. देवनागरीतील जोडाक्षरांपाशी यंत्र हमखास चुकते, तेथे मुद्रितशोधनाची सवय असलेल्या निवृत्त शिक्षकाचा डोळा हवा, आणि असे शिक्षक वाचनालयाच्या वाचनकक्षात रोज सकाळी वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात. विकिपीडियाची अडचण याहून वेगळी आहे. तेथे मुद्रित आधाराविना विधान टिकत नाही, आणि आंबीसारख्या गावाविषयी मुद्रित आधार तुटपुंजाच असणार. म्हणून क्रम उलटा हवा. ग्रंथालयाने मौखिक माहिती प्रथम स्वतः संपादित करून पुस्तिकारूपाने प्रसिद्ध करावी, तिची प्रत दाखल करून घ्यावी, आणि मग तिचा हवाला अन्यत्र द्यावा. हवाला द्यावा असे काही छापणे, हेही ग्रंथालयाचे काम आहे.

साधनांच्या निवडीविषयी थोडक्यात. व्हॉट्सॲपचा समूह निरोपासाठी ठीक, नोंदीसाठी निरुपयोगी. तेथील मजकूर आठवड्यात गाडला जातो, त्याची सूची होत नाही, आणि प्रत्येक सभासदाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांसमोर उघडा पडतो. कोणी कोणते पुस्तक नेले, ही देवघेव विभागातील माहिती तर अशा ठिकाणी चुकूनही जाता कामा नये. वाचकाची निवड हा त्याचा खाजगी विषय आहे. परकीय कंपन्यांच्या जागेवर संस्थेची स्मृती बांधण्यात दुसराही धोका आहे. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, गुगल प्लस २०१९ साली. तेथील समूहांचे संचित ज्यांनी वेळीच उतरवून घेतले नाही, त्यांचे ते गेले. कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमधील एका प्रादेशिक सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून जन्मली आणि २००० च्या आरंभी वापरात आली, हे आपल्या शंकेखोर कार्यकारिणींना सांगण्यासारखे आहे. ती कोणा बड्या विद्यापीठाची निर्मिती नव्हती.

अधिक गंभीर अडचण श्रमाची आहे. लहान वाचनालयातील ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर झाडलोटीपासून हिशेबापर्यंत सर्व करतो. त्याच्यावर ‘स्वयंसेवा’ म्हणून आणखी एक ओझे टाकणे, आणि त्याचे श्रेय एखाद्या शासकीय योजनेला देणे, हे घडू शकते. त्यामुळे अनुदानाच्या नियमांत ग्रंथालयाने घडविलेल्या नोंदींसाठी रकाना व गुण असावेत, ही मागणी ग्रंथालय संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडावयास हवी.

विद्यापीठीय मराठी विभागांचा वाटा येथूनच सुरू होतो. आपण एम. ए.च्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प लिहून घेतो. त्यांतील बरेच प्रकल्प चारदोन समीक्षाग्रंथांतील उताऱ्यांची पुनर्मांडणी असतात आणि गुणदानानंतर कपाटात पडून राहतात. त्याऐवजी मावळातील एका वाचनालयात उपलब्ध असलेल्या दिवाळी अंकांची सटीप अनुक्रमणिका, किंवा दांडेकरांच्या एका कादंबरीतील पन्नास शब्दांची क्षेत्रीय नोंद, असे विषय अभ्यासमंडळांनी मान्य करावेत, आणि मूल्यमापनात सार्वजनिक तक्त्यातील विद्यार्थ्याच्या नोंदी व इतरांनी त्यांत केलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. विभागप्रमुखाचे एक पत्र वाचनालयाच्या कार्यवाहांना गेले तरी आरंभास पुरे. येत्या दिवाळीचे अंक वाचकांच्या हातांतून परत येऊन त्यांचे गठ्ठे बांधले जाण्याची वेळ उन्हाळ्यात येईल. ते पत्र त्यापूर्वी पोहोचावयास हवे.