कडकनाथचा धडा आणि अंड्यांचे ऋतुचक्र

कोल्हापूर - परसातील कोंबडी हा ग्रामीण भागातील शेतीचा जुना जोडधंदा. अंड्यांचे पैसे बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतात आणि त्यातून आठवड्याचा बाजार भागतो. २०१९ मध्ये मात्र कोंबडीनेच कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतील अनेक शेतकऱ्यांना कर्जात लोटले.

इस्लामपूर येथील एका कंपनीने कडकनाथची पिल्ले देऊन उत्पादन परत खरेदी करण्याची हमी दिली होती. ही खरेदी थांबली आणि कोट्यवधी रुपयांच्या फसवणुकीच्या तक्रारी दाखल झाल्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या वाटेवर कार्यकर्त्यांनी कडकनाथ कोंबड्या फेकून संताप व्यक्त केला.

फसवणुकीची चर्चा झाली. पण दरमहा ठरावीक उत्पन्नाचे गणित मांडताना कोंबडीचा निसर्गधर्म कोणी विचारात घेतला होता काय, हा प्रश्न मागे राहिला. मूळची झाबुआची कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. पिंजऱ्यातील व्यावसायिक कोंबडी तीनशेच्या घरात जाते. गावरान कोंबडी तर दहा-पंधरा अंडी घालून खुडूक होते आणि काही आठवडे अंडी बंद करते.

त्यात ऋतूंची भर पडते. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास प्रकाश लागतो. युरोपात हिवाळ्यात दिवस फारच लहान होत असल्याने अंडी जवळपास थांबतात. कोल्हापुरात सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम दोन तासांचे अंतर असते. त्यामुळे येथे खरा फटका ऊन आणि पाऊस देतात. एप्रिल-मेमध्ये कोंबडी धापा टाकते, खाद्य कमी खाते. अंडी घटतात, कवच पातळ होते. पावसाळ्यात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्यात खुराडे ओले राहते आणि रोगांना वाव मिळतो. पिसे गळण्याच्या काळात तर अंड्यांना विश्रांतीच असते.

यावर उपाय आहेत. राणीखेत अर्थात मानमोडीची लस, कोरडे खुराडे, उन्हाळ्यात सावली व थंड पाणी, कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, तसेच वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित जाती यांमुळे उत्पादन निश्चित वाढते. मात्र बाराही महिने सारखी अंडी त्यातूनही मिळत नाहीत.

हमीभावाच्या करारावर सही करण्यापूर्वी शेजारणीच्या खुराड्यातील वर्षभराच्या अंड्यांचा हिशेब विचारावा. कडकनाथ प्रकरणाचा हाच खरा धडा आहे.