आघातानंतरचे तास

डोक्यास मार लागलेला माणूस शुद्धीवर येतो, दोन शब्द बोलतो, आप्तांचा जीव भांड्यात पडतो आणि त्याच रात्री तो दगावतो. दोष बहुधा दैवाला दिला जातो. वस्तुतः मेंदूची सारी हानी आघाताच्या क्षणीच होत नाही. ज्या मज्जापेशी चिरडल्या गेल्या, त्या गेल्याच; परंतु भोवतालच्या असंख्य पेशी पुढे कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस, उंबरठ्यावर असतात.

देहाच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो आणि शिल्लक जवळजवळ ठेवीत नाही. श्वास अडखळला वा रक्तदाब घसरला की पेशींचा ऊर्जेचा ताळेबंद कोलमडतो. त्यातच जखमी पेशींतून ग्लुटामेट सांडते. एरवी हा पदार्थ पेशीपेशींमधला निरोप्या; अतिरेक झाला की तेच विष ठरते. त्याच्या चिथावणीने शेजारच्या पेशींत कॅल्शियम शिरते आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात. जॉन ओल्नी यांनी या मारक उत्तेजनास १९६९ मध्ये नाव दिले. काही पेशी फुगून फुटतात, काही स्वतःच्याच आदेशाने मुकाट विघटित होतात. ज्यांना ऊर्जा पुरते, त्या कॅल्शियम बाहेर लोटून तगतात.

ही साखळी तोडणारे औषध शोधण्याचा इतिहास मात्र नम्र व्हायला लावणारा आहे. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याची प्रथा ३० वर्षांहून अधिक काळ चालली. १०,००८ रुग्णांवरील ‘क्रॅश’ चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत मरण पावलेल्यांचे प्रमाण औषध न दिलेल्या गटात सुमारे १८ टक्के, तर दिलेल्या गटात २१ टक्के होते! प्रोजेस्टेरॉनवरील मोठ्या आशाही २०१४ मध्ये विराल्या. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सामिक आम्लाचा उपयोग २०१९ मध्ये दिसून आला, पण तो सौम्य व मध्यम इजेत आणि तीन तासांच्या आत दिले तरच.

तेव्हा आज खात्रीचे उपाय साधेच आहेत : श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब सावरणे, कवटीत साकळलेले रक्त वेळेत काढणे. ते सारे रुग्ण किती लवकर पोचतो यावर अवलंबून आहे. आणि रस्त्यावर पडलेल्याभोवती गर्दी जमते, हात मात्र पुढे येत नाही. पोलिसी चौकशीच्या धास्तीने माणसे काढता पाय घेतात. मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्येच घातले गेले. शिरस्त्राणाच्या दंडाची जितकी जाहिरात होते, तिच्या निम्मी तरी सरकारने या कलमाची करावी.