जटायूचे ऋण

मराठी भाषेने गिधाडावर कधी प्रेम केलेले नाही. दुसऱ्याच्या नाशावर टपून बसणाऱ्या माणसाला ‘गिधाड’ म्हणून हिणविले जाते. याच समाजाने मात्र सीतेसाठी प्राण वेचणाऱ्या गृध्रराज जटायूला वंदनीय मानले. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूने देह ठेवला, अशी श्रद्धा असून भाविक तेथे आजही माथा टेकतात. जटायूचे वंशज आकाशातून नाहीसे होत होते, तेव्हा मात्र त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

एकेकाळी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचे थवे उतरत आणि काही वेळातच सांगाडा तेवढा मागे राही. १९९०च्या दशकापासून हे चित्र पालटले. २००७ पर्यंत देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक, तर लांब चोचीच्या गिधाडांपैकी सुमारे ९७ टक्के नष्ट झाली. त्यामागील कारण २००४ साली उघड झाले. गुरांची वेदना व सूज कमी करणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत होती. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. गुरावर केलेली दयाच पक्ष्याच्या मुळावर आली.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. त्यांवर निर्बंध येण्यास २०१५ साल उजाडले. गिधाडांना घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक या औषधांचा गुरांसाठीचा वापर २०२३ मध्ये बंद करण्यात आला. कायदा असा सावकाश चालत असताना वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याने झालेली हानी भरून काढावी तरी कशी?

गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे राहिली. त्यांवर भटक्या कुत्र्यांचे कळप पोसले जाऊ लागले आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढला. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाची शतकानुशतकांची अंत्यसंस्काराची रीतच अडचणीत आली. निसर्गाच्या साखळीतील एक कडी निखळली की तिची किंमत माणसालाच मोजावी लागते.

गिधाडांचे भवितव्य केवळ दिल्लीतील आदेशांवर नव्हे, तर गोठ्यातील सुईवरही अवलंबून आहे. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. पशुवैद्याकडे त्याचाच आग्रह धरणे पशुपालकाच्या हाती आहे. गोशाळांची जबाबदारी तर अधिक मोठी आहे. तेथे वृद्ध, आजारी गायींची अखेरपर्यंत शुश्रूषा होते. ती सुरक्षित औषधांनी झाली, तर गायीचा मृतदेहही गिधाडांसाठी निर्धोक अन्न ठरेल. गोसेवा आणि पक्षिरक्षण ही दोन वेगळी कर्तव्ये उरणार नाहीत.

रामाने जटायूचे अंत्यसंस्कार पित्याप्रमाणे केले. त्याच्या वंशजांना अंत्यसंस्कार नको आहेत. त्यांना विषमुक्त अन्न हवे आहे. तेवढे दिले, तरच टाकेदला टेकविलेल्या माथ्याला अर्थ राहील.