अकरा दिवसांचा डोंगर

तमिळनाडूतील तिरुवण्णामलै गावाचे घड्याळ वर्षातून एकदा डोंगरावर लागते. कार्तिगै महिन्यातल्या दीपोत्सवाच्या संध्याकाळी अरुणाचलेश्वराच्या देवळातून अर्धनारीश्वराची मूर्ती काही क्षणांपुरती बाहेर येते, आणि त्याच वेळी २,६६८ फूट उंचीच्या डोंगरमाथ्यावर महादीप पेटतो. खाली लाखोंची गर्दी ‘अण्णामलैयारुक्कु अरोहरा’ असा एकच गजर करते. घराघरांच्या उंबऱ्यावरच्या पणत्या वाती घालून तयार असतात. माथ्यावरची ज्योत दिसली की मगच त्या लागतात. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात मोठा कोण, या वादात शंकर आदि-अंत नसलेला अग्निस्तंभ होऊन उभा राहिला आणि तोच पुढे हा डोंगर झाला, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून देव देवळात आहे तसाच डोंगरातही आहे. भाविक चौदा किलोमीटरची ‘गिरिवलम्’ अनवाणी चालतात, ती प्रदक्षिणा डोंगरालाच असते.

या ज्योतीमागचे कष्ट फारसे कोणी पाहत नाही. माणसाच्या उंचीची तांब्याची कढई, हजारो किलो तूप आणि वातीसाठी हजारभर मीटर जाडेभरडे सुती कापड, हे सगळे पायवाटेने माथ्यावर जाते. दीप लावण्याचा मान पर्वतराजकुलातल्या लोकांचा. मूळचा हा मासेमारी करणारा समाज. पार्वती आपल्याच कुळात जन्मली असे ते मानतात. ते उपास धरून चढतात, पिंपातले तूप कढईत ओततात, वाऱ्यापावसात वात सांभाळतात. ज्योत सलग अकरा रात्री दिसते. मग कढई खाली उतरते आणि तिची काजळी खरवडून ‘दीप मै’ करतात. मार्गळी महिन्यातल्या आर्द्रा दर्शनाला ती आधी नटराजाला लावली जाते आणि नंतर भाविकांना प्रसाद म्हणून मिळते. काजळीसुद्धा वाया जाऊ न देणारा हा उत्सव आहे.

डोंगराची निगा मात्र इतक्या काटेकोरपणे घेतली गेलेली नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळाचा पाऊस कोसळत असताना याच डोंगराचा एक भाग खचला. उतारावरच्या व.उ.चि. नगरात दगडमातीखाली घर गाडले गेले आणि सात जण मेले. त्यांत पाच मुले होती. प्रचंड शिळा मधे अडकून बसल्यामुळे बचावपथकांना एकेक मृतदेह काढायला झगडावे लागले. दीपोत्सव होता १३ डिसेंबरला, म्हणजे बाराच दिवसांवर.

दीप लावायचा की नाही, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. भूवैज्ञानिकांनी डोंगराची पाहणी केली. सरकारने भाविकांना माथ्यावर जायला बंदी घातली. तूप आणि कढई नेणाऱ्यांना तेवढी परवानगी दिली, आणि ज्योत ठरल्या वेळी पेटली. आमच्या मते हा निर्णय योग्यच होता. गावावर दुःख कोसळलेले असताना गावाचा दिवा बंद ठेवून कोणाचे सांत्वन होत नाही. ज्या गल्लीतून सात तिरड्या उठल्या, तिथल्या लोकांचाही तो दीप होता. आणि भिजून सैल झालेल्या उतारावर हजारो माणसे चढू न देणे हा साधा शहाणपणा होता.

प्रश्न त्यानंतरचा आहे. जो डोंगर साक्षात देव, त्याच्याच अंगावर वस्ती चढत गेली ती एका रात्रीत नव्हे. उताराला टेकून आधी झोपडी, मग पत्रा, मग पक्की भिंत, मग वीजजोडणी. ती कोणी दिली? मतदारयादीत नाव कोणी घातले? घरे बांधणाऱ्या गरिबांना ‘अतिक्रमणवाले’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तीर्थक्षेत्र वाढले, जमिनीचे भाव वाढले, हॉटेले आणि निवास उभे राहिले, आणि त्या हॉटेलांत राबणाऱ्या माणसाला परवडणारी जागा उरली ती डोंगराच्या कुशीत. दरड त्याच्यावर आली. उत्सवाच्या बैठकीत बस किती, पोलीस किती, पाणी किती याचा हिशेब होतो. पावसाळ्याआधी कोणता उतार धोक्याचा, कोणते ओहोळ बुजले आणि कोणत्या घरांना आधी हलवायचे, याचा हिशेब त्याच टेबलावर का होऊ नये?

करू म्हटले तर होते, याचा दाखला याच डोंगरावर आहे. काही दशकांपूर्वी तो जवळजवळ उघडाबोडका होता. गावातल्या आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या स्वयंसेवकांनी रोपवाटिका लावल्या, पावसाळ्यात रोपे वर नेली, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून गवत कापून पट्टे मोकळे ठेवले. आज उतारावर दिसणारी हिरवाई ही त्यांची कमाई आहे. डोंगराची खरी पूजा म्हणायची तर हीसुद्धा म्हणायला हवी. तिला मुहूर्त लागत नाही आणि तिचे थेट प्रक्षेपणही होत नाही.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षे झुंजवलेला जिंजीचा किल्ला इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. आणि डोंगर खचणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी मंत्री आले, मदत जाहीर झाली, धोकादायक गावांच्या याद्यांची आठवण निघाली. आपणही गडांवर दिवे लावतो, मशाली नेतो, रोषणाईचे फोटो फिरवतो. त्यात गैर काहीच नाही. पण ज्या गडाचा माथा उजळायला निधी मिळतो, त्याच्या पायथ्याच्या वाडीला संरक्षक भिंत आणि पर्जन्यमापक मिळायला दरड कोसळावी लागते.

तिरुवण्णामलैच्या देवस्थानाने, महानगरपालिकेने आणि वनखात्याने एक गोष्ट करावी. दीपोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक भरेल, तेव्हा तिच्या कार्यपत्रिकेत उतारावरच्या वस्तीचा विषय पहिला असावा आणि मागच्या वर्षी त्याबाबत काय केले हे जाहीरपणे वाचून दाखवावे. गडांवर दीपोत्सव करणाऱ्या आपल्याकडच्या समित्यांनीही हीच सवय लावून घ्यावी. दिवा अकरा दिवस लागतो; त्याखाली माणसे वर्षभर राहतात.