वगळलेला राजवाडा

दिवाळीच्या फराळाला वाद वाढायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. गेल्या दिवाळीत तो मोडला, आणि मोडणारा मीच. आमचे एक स्नेही चकली मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, बायबलमधली खरी पुस्तके निकियाच्या सभेत मते घेऊन काढून टाकली. बादशहाचा हुकूमच होता तसा!" कोठे वाचलेत, असे विचारता कळले की एका इंग्रजी कादंबरीत. ती 'दा विंची कोड' नावाची कादंबरी २००३ साली निघाली, तिच्यावर चित्रपट झाला, आणि हा समज घरोघर पोचला.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. पण कादंबऱ्या लिहितो, म्हणून तेवढ्यापुरते अधिकाराने सांगतो: कादंबरीकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नका. निकियाची सभा इ. स. ३२५ मध्ये भरली. येशूच्या स्वरूपाविषयी तिथे कडाक्याचा वाद झाला, ईस्टरच्या तारखेचा प्रश्न निघाला, बिशपांच्या नेमणुकीचे नियम झाले. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत याविषयी तिच्या नियमांत अवाक्षर नाही. नव्या कराराची आजची २७ पुस्तके, न कमी न जास्त, अशी प्रथम मोजलेली आढळतात ती अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने ३६७ साली धाडलेल्या ईस्टरच्या पत्रात. त्यानंतरही सगळे जग मुकाट्याने मान डोलवून बसले असे नाही. सिरियाक भाषेत उपासना करणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळींच्या जुन्या नव्या करारात २२ च पुस्तके होती. प्रकटीकरण त्यात नव्हते. उलट सिनाईच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातल्या पोथीत, आज बाहेर असलेले 'हर्मासचा मेंढपाळ' आणि बर्णबाच्या नावावरचे पत्र सुखाने नांदत आहेत. फार कशाला, आजही कॅथलिक घरातले बायबल ७३ पुस्तकांचे आणि प्रॉटेस्टंट घरातले ६६ चे. एका हुकमाने निकाल लागला असता, तर ही ओढाताण कशाला उरली असती?

मग पुस्तके बाहेर राहिली कशी? याचे उत्तर एका पुस्तकातून पाहू, आणि ते आपल्या देशाशीच निगडित आहे.

'थोमाची कृत्ये' हे पुस्तक तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा एडेसा नगरीच्या आसपास, सिरियाक भाषेत लिहिले गेले. प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले, तेव्हा थोमाच्या वाट्याला हिंदुस्थान आला. तो म्हणाला, मी जाणार नाही; मी इब्री माणूस, त्या लोकांना काय शिकवणार? तेव्हा येशूने त्याला चक्क हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकले! हा हब्बान गुंदफर राजासाठी सुतार शोधत होता. राजाने थोमाला राजवाडा बांधायला सांगून पैसा दिला. थोमाने बोरूने जमिनीवर नकाशा काढला, दारे कुठे, खिडक्या कुठे, सारे दाखवले, आणि पैसा मात्र गोरगरिबांत वाटून टाकला. मध्यंतरी राजाने चौकशी केली, तर म्हणतो, वाडा झाला, छप्पर तेवढे राहिले. राजाने आणखी पैसा धाडला. तोही वाटला. शेवटी राजा वाडा पाहायला आला. थोमा म्हणाला, आता दिसणार नाही, मेल्यावर दिसेल. राजाने त्याला तुरुंगात टाकले. इतक्यात राजाचा भाऊ मरण पावला आणि स्वर्गात त्याने तोच राजवाडा डोळ्यांनी पाहिला. तो जिवंत होऊन परत आला आणि वाडा मला विकत दे म्हणून भावाच्या मागे लागला.

असली गोष्ट मला सुचली असती, तर मी जन्मात दुसरी लिहिली नसती. आणि हा गुंदफर केवळ कल्पनेतला नव्हे. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी सापडली, आणि विद्वान ज्याला दंतकथेतला समजत होते तो पहिल्या शतकातला खरा राजा निघाला. यावरून थोमा इकडे आला होता हे सिद्ध होत नाही. पण लेखकाच्या कानावर खरे नाव आले होते, हे उघड आहे.

इतके गोड पुस्तक बाहेर का राहिले? राजवाड्यापायी नव्हे, लग्नापायी. पुस्तकाच्या आरंभीच थोमा एका राजकन्येच्या लग्नाला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वधूवर सांगतात की आम्ही संसार सोडला. पुढे मिग्दोनिया नावाची थोर घरची स्त्री नवऱ्यापासून दूर होते, आणि या प्रकरणातूनच थोमाला भाल्यांनी मारले जाते. परमार्थ हवा तर प्रपंच मोडा, हे त्या पुस्तकाचे म्हणणे. मानी पंथाचे लोक ते आवडीने वाचत, हेही त्याला बाधले. चर्चमध्ये बसलेली माणसे आपल्यासारखीच लेकुरवाळी होती. त्यांना हे झेपले नाही, आणि मला वाटते, त्यांचे बरोबरच होते.

सक्ती कधी झालीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. इ. स. २०० च्या सुमाराला अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने एका गावाला 'पेत्राचे शुभवर्तमान' वाचायची परवानगी दिली, तीही पुस्तक न वाचता! पुढे वाचले, त्यात खोट दिसली, आणि परवानगी मागे घेतली. पण पुष्कळ पुस्तके बंदीने मेली नाहीत. सभेत वाचली जाईनात, म्हणून कोणी नकलून घेईना. नक्कल नाही म्हणून पोथी नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे वाचनाच्या तासाला ही राजवाड्याची गोष्ट सांगितली. पोरे खूष! आठ दिवसांत दोन पालक आले. एक ख्रिस्ती, म्हणाले, आमच्या बायबलात हे नाही, मुलांना भलते सांगू नका. दुसरे हिंदू, म्हणाले, ख्रिस्त्यांची गोष्ट हवीच कशाला? दोघांचे एवढ्यापुरते एकमत. मुख्याध्यापकांनी गोष्ट न वाचताच सांगितले, मास्तर, ती वगळा. आणि मी वगळली. सभा नाही, जाळपोळ नाही. त्या तासाला शुद्धलेखन आले.

ही भित्री वगळणी मला मान्य नाही. पूजेच्या ग्रंथात पुस्तक नसणे निराळे, ते घरातही नको म्हणणे निराळे. सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि पुष्कळ अभ्यासक हे गाव म्हणजे आपले कल्याण मानतात. १३२१ साली जोर्दानस पाद्री आला, तेव्हा ठाण्यातही पूर्वेकडच्या पंथाची ख्रिस्ती घरे होती. त्या लोकांची उपासनेची भाषा सिरियाक, म्हणजे थोमाच्या या पुस्तकाचीच. दिवेलागणीला एखाद्या आजीने नातवंडांना हा राजवाडा सांगितला असेल, हे माझे केवळ अनुमान आहे. पण ते मी सोडणार नाही.

यंदा ते स्नेही मानपाड्याला आमच्याकडे पुन्हा फराळाला यायचे आहेत. आळीतली मुलेही येतील. त्यांतली दोन ख्रिस्ती. कंदिलाखाली सतरंजी अंथरून मी राजवाडा सांगणार आहे, पार छपरापर्यंत. चकल्या गोष्ट संपल्यावर.