पाटल्या जोड एक



गेल्या महिन्यात या पानावरून आपली भेट झाली तेव्हा कादंबरीचे अकरावे प्रकरण पूर्ण झाल्याचे मी मोठ्या समाधानाने कळविले होते. ते समाधान महिनाभरही टिकले नाही. तो वृत्तान्त पुढे येईलच, परंतु आधी घरातील मंगल कार्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण त्या प्रकरणाचे सारे त्यांतूनच उद्भवले.

यंदाचा चैत्र आमच्या घरात दाटीवाटीने आला. आयंबिलची ओळी, महावीर जन्मकल्याणक, धाकट्या दिरांच्या कन्येचे बारसे आणि माझ्या सासऱ्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा, असे सर्व पाठोपाठ. बारशाविषयी इतकेच की, आत्याने दोन महिने खपून शोधलेले नाव पाटीवर सुरेख दिसले आणि दुसऱ्या दिवसापासून सारे घर मुलीला ‘चिमी’ म्हणू लागले.

सासऱ्यांना आम्ही सर्व बाबूजी म्हणतो. त्यांच्या सोहळ्याला महाड, पनवेल, पुणे येथून नातलग आले. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता आंबेनळी घाटाला लागण्यापूर्वी आमच्या कापड्यातून जातो आणि त्या रस्त्यावरच आमचे दुकान आहे. पुढे मांडव घातला तेव्हा एसटीतील प्रवासीही वाकून पाहत होते. सूर्यास्तापूर्वी शेवटची पंगत उठावी म्हणून चार वाजल्यापासूनच धांदल सुरू झाली. सासूबाईंचा वर्षीतप चालू आहे. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा, असे बारा महिने उलटून गेले. सोहळ्याचा दिवस नेमका उपवासाचा निघाला. त्यांनी दोनशे माणसांना आग्रह करकरून बाटी वाढली आणि स्वतः उकळलेल्या पाण्याचा पेलाही सूर्यास्तापूर्वी बाजूला ठेवला. त्यांच्याकडे पाहताना आपण घरात बसून चार पाने लिहिल्याचा थकवा सांगतो याची मला थोडी लाज वाटली.

जेवणे झाल्यावर महाडच्या काकाजींनी पाटल्यांची कथा सांगितली. प्रत्येक कुटुंबात अशी एखादी कथा असते, जी कोणत्याही समारंभात कोणीतरी सांगतेच. आमची अशी: दादाजींकडे, म्हणजे बाबूजींच्या वडिलांकडे, उमरठच्या वाटेवरील एका वाडीतील कुळाने लेकीच्या लग्नासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. लग्नाच्या आदल्या रात्री दादाजी कंदील घेऊन वाडीवर गेले, पाटल्या वधूच्या हाती घातल्या आणि एक पैसाही न घेता परत फिरले. काकाजी सांगतात तेव्हा पाऊसही पडत असतो. लग्ने वैशाखात होतात हे कोणी त्यांच्या लक्षात आणून देत नाही. ऐकताना बायकांचे डोळे भरून येतात. माझेही येत आले आहेत. माझे अकरावे प्रकरण याच कथेवर उभे होते.

सोहळा आटोपल्यावर, पाटल्यांचे वजन आणि त्या काळचे भाव कळावेत एवढ्याच हेतूने, मी बाबूजींना जुनी खतावणी काढण्याची विनंती केली. लाल कापडात बांधलेल्या त्या वह्या महाजनी लिपीत आहेत आणि आमच्या घरात ती लिपी वाचू शकणारे आता एकटे बाबूजीच उरले आहेत. काना-मात्रा न देणारी ही लिपी. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपल्यापैकी कोणी ऐकली नसेल? बाबूजी भिंगातून एकेक अक्षर जुळवीत वाचत होते आणि मी टिपून घेत होते.

संवत २००२ चे पान निघाले, म्हणजे इसवी सन १९४५-४६. नावे बाजूला रोख रक्कम, दोन लुगडी, मीठ, घासलेट. खाली एका ओळीत: पाटल्या जोड १, तीन तोळे. जमा बाजूला भात आणि नाचणी. तीन सुगींत थोडे थोडे आलेले. संवत २००५ मध्ये खाली आडवी रेघ मारून खाते चुकते केलेले. पाटल्या परत दिल्याची ओळ मात्र त्या पानावर नव्हती, पुढच्या पानावर नव्हती, नव्या खतावणीतही नव्हती. एक पैसाही न घेतल्याची गोष्ट तर जमा बाजूच्या भाताने तेथेच खोटी पाडली होती.

बाबूजी म्हणाले, “परत दिलेल्या वस्तूची नोंद रोजमेळात असते.” ते खरे होते. परंतु जुने रोजमेळ काकाजींच्या महाडच्या घरी होते आणि जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेतील कितीतरी घरांप्रमाणे त्यांचेही तळघर पाण्याखाली गेले. त्या पुरात तळियेसारखे गाव दरडीखाली गेले. तेथे आपण वह्यांचा काय शोक करावा! सावकाराने ऋणकोला कर्जाचे व तारणाचे लेखी विवरण द्यावे असा दंडक घालणारा मुंबई सावकारी कायदा १९४६ चा. आमची नोंद त्याच्या आदली, तेव्हा वाडीवर एखादा कागद असण्याचाही संभव नव्हता.

त्या रात्री लेखन झाले नाही म्हणून वाचत बसले. या महिन्यात माझ्या उशाशी बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ आहे, नाथूराम प्रेमी यांनी संपादित केलेले. आपल्यासारख्या व्यापारी घरांतून ते अधिक वाचले जावे असे मला मनापासून वाटते. जौनपूरच्या श्रीमाळ कुटुंबातील हा जवाहिऱ्याचा मुलगा. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, आग्र्यात त्याने आपली अर्धी कथा ६७५ पद्यांत लिहिली. भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र म्हणून तिचा गौरव होतो. मला त्या गौरवापेक्षा त्यातील कचोरीवाला प्रिय आहे. व्यापारात बुडालेला बनारसी आग्र्यात महिनोन्महिने उधारीवर कचोऱ्या खातो आणि ते निःसंकोच लिहितो. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य त्याने गोमतीत फेकून दिले, तेही लिहितो. नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही, हेही त्याच सरळ स्वरात. आपल्या अंगचे गुण सांगून झाल्यावर दोषही मोजून दाखवितो.

एरवी आपल्याकडे रीत उलटी आहे. आयुष्य, धन, घरातील उणीव, दान, अपमान अशा नऊ गोष्टी गुप्त राखाव्यात असे जुने संस्कृत नीतिवचन सांगते आणि पेढीवर बसणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडायचे नाही, हा तर दुकानदारीचा पहिला धडा. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा गल्ल्यावर बसण्याआधी बाबूजींनी मला हेच सांगितले होते. मग कादंबरीत ते खाते उघडण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि उघडलेच, तर त्यात नसलेली ओळ आपल्या बाजूने लिहिण्याचा?

ग्रामदेवतेच्या जत्रेसाठी मुंबईचे चाकरमानी गावी आले होते. त्या वाडीतील कुटुंबाचा नातू आमच्याच दुकानात नारळ आणि गुलाल घ्यायला येतो. तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक. गर्दी ओसरल्यावर मी त्याला आत बोलावून चहा दिला आणि कथेतला प्रसंग सांगून विचारले, “तुमच्या घरी याची काही आठवण सांगतात का?” तो थोडा वेळ बशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “वहिनी, आजी सांगायची, पाटल्या शेठकडंच राहिल्या. आत्याचं लग्न काचेच्या बांगड्यांवर झालं.” त्याच्या स्वरात राग नव्हता. जरा थांबून त्याने विचारले, “तुमच्या पुस्तकात परत दिल्या म्हणून लिहिलंय का?”

मी ‘हो’ म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

कोणाची आठवण खरी, हे आता ठरविता येत नाही. त्याच्या आजीच्या सांगण्यात एखादी वस्तू गळली असेल, दादाजींच्या मुनिमाकडून एक ओळ राहिली असेल. तथापि एक गोष्ट मला टोचत राहिली. आमच्या घरी ही कथा सत्तर वर्षे समारंभांतून सांगितली गेली आणि त्या वाडीवर कोणी एकदाही विचारायला गेले नाही. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘शिवभारत’ रचणारा हा कवी. राजाचा पराक्रम लिहिणाऱ्याला समोर साक्षीदार असतात. दुकानदाराचे औदार्य लिहिणाऱ्याजवळ फक्त त्याच्या घरचीच माणसे असतात.

दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर बाबूजींना सर्व सांगितले आणि ते प्रकरण काढून टाकते, असेही म्हणाले. त्यांनी खतावणी पुन्हा मागितली, ते पान काढले, त्या एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. बाबूजी म्हणाले, “काढू नकोस. त्यांचे नाव बदल, गावही बदल. आपले बदलू नकोस.” मग सासूबाईंकडे वळून, “पाटल्या तीन तोळ्यांच्या होत्या,” एवढेच बोलले. सासूबाईंनी मान हलविली. पन्नासाहून अधिक वर्षांच्या संसारात अशा वाक्यांची उत्तरे शब्दांत द्यावी लागत नसावीत.

काकाजींना हे अजून सांगितलेले नाही. ते काम बाबूजींनी स्वतःकडे घेतले आहे आणि मी ते आनंदाने सोडले आहे.

आता अकरावे प्रकरण पुन्हा लिहीत आहे. कंदील गेला, पाऊस गेला. आठ पाने झाली. त्यांतील तीन ठेवण्याजोगी वाटतात. प्रकाशकांना पावसाळ्यापूर्वी हस्तलिखित देण्याचे कबूल केले होते, त्यांना दिवाळीपर्यंतची मुदत मागणारे पत्र पाठविले आहे.

प्रवासाचा बेत मात्र ठरला. अक्षय तृतीयेला सासूबाईंचे पारणे पालिताण्याला. भगवान ऋषभदेवांचे पारणे श्रेयांसकुमारांच्या हातच्या उसाच्या रसाने हस्तिनापुरास झाले, म्हणून दिरांचा आग्रह हस्तिनापूरचा होता. परंतु सासूबाईंना शत्रुंजयच हवा. पनवेलपर्यंत मोटारीने, मुंबईहून रेल्वेने भावनगर आणि तेथून पुढे पालिताणा. साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत, डोली सांगू या, असे सर्वांनी सुचविले. “डोली तुमच्या बाबूजींना सांगा,” असे उत्तर मिळाले. परतताना अहमदाबादला एक दिवस मिळाला तर जुन्या पुस्तकांची दुकाने पाहण्याचा माझा विचार आहे. गोमतीकाठचे जौनपूर पाहण्याची इच्छा या वर्षी मनातच राहील.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आम्ही कापड्याला परत येऊ. वाडीतला तो नातू तेव्हा आईला घेऊन पुन्हा गावी येणार आहे. बाबूजींनी त्यांना दुकानात नव्हे, घरी बोलाविले आहे, आणि महाडच्या सराफाकडे आजचा भाव विचारून ठेवला आहे.