मतं खाल्ली म्हणे!

उपनगरातल्या एका राजकीय पंडितांचं निदान ठरलेलं असतं. छोटे पक्ष मतं खातात, त्यांना दिलेलं मत वाया जातं. ज्याला जास्त मतं तो जिंकला, शिवाय सरकार स्थिर राहतं.

स्थिरतेचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेनं पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले.

मतं खाण्याचा हिशेब मात्र मांडायलाच हवा. २००९च्या लोकसभेला ईशान्य मुंबईत, म्हणजे मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या पट्ट्यात, राष्ट्रवादीच्या संजय दिना पाटलांना २,१३,५०५ मतं पडली, भाजपच्या किरीट सोमय्यांना २,१०,५७२ आणि मनसेच्या शिशिर शिंद्यांना १,९५,१४८. पाटील २,९३३ मतांनी खासदार झाले आणि पंडितांनी बोल लावला तो शिंद्यांना. मतं काय कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलेली असतात? सोमय्यांनीच शिंद्यांची मतं खाल्ली, असं म्हणायला पंडितांची जीभ रेटत नाही. बरं, त्याच ऑक्टोबरात विधानसभेला याच मतदारसंघातल्या सहापैकी भांडुप पश्चिम, विक्रोळी आणि घाटकोपर पश्चिम या तीन जागा मनसेनं जिंकल्या. एप्रिलमध्ये ‘वाया’ गेलेला मतदार दिवाळीपर्यंत शहाणा झाला म्हणायचा!

२०२४ला वायव्य मुंबईत, अंधेरी-गोरेगावकडे, शिवसेनेच्या शिंदे गटाचे रवींद्र वायकर ठाकरे गटाच्या अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. वंचित बहुजन आघाडीला दहा हजारांवर मतं होती, म्हणून खापर फोडायला वंचित सापडली. ‘नोटा’ला तर १५ हजारांवर मतं होती. ‘नोटा’नं कुणाची खाल्ली?

यावर उपाय म्हणून मतदाराला उमेदवारांचा पसंतीक्रम लावू द्यावा म्हटलं, तर तो लोकांना झेपणार नाही, हे रडगाणंही जुनंच. घटना लिहिली जात असताना साक्षरतेचं कारण पुढे केलं गेलं, तेव्हा त्यात तथ्य होतं. आज पंच्याहत्तर वर्षांनी तेच कारण सांगणं म्हणजे मतदाराला अडाणी ठरवणं.

मग करायचं काय? वायव्य मुंबईचा निकाल ४ जूनला लागला आणि २६ जूनला अंधेरीतल्याच पदवीधरांनी विधान परिषदेसाठी केंद्रावरच्या जांभळ्या स्केचपेननं नावांपुढे १, २, ३ असे आकडे घातले. तिथे कुणालाच ठरलेला कोटा गाठता आला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. हीच रीत लोकसभेलाही लावावी. तिनं छोट्या पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळणार नाहीत, तो पुढचा लढा. पण त्यांना मत देणाऱ्याचं मत तरी शिल्लक राहील. लोकसभेच्या मतमोजणीची आजची रीत राज्यघटनेत लिहिलेली नाही. ती कायद्यानं आणि नियमांनी ठरते, आणि तो कायदा बदलणं संसदेच्या हातात आहे.